नवरदेवाआधी वऱ्हाड

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. लोकवस्ती जेमतेम तेरा-चौदा लाख, किनाऱ्यावर शेवंडांची मासेमारी, आत जंगले आणि बटाट्याची शेती. २०१८च्या उत्तरार्धात या राज्यात एक अजब वर्गणी सुरू झाली. तिथल्या रिपब्लिकन सेनेटर सूझन कॉलिन्स यांनी न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हना यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीला विरोध करावा, अशी वर्गणीदारांची मागणी होती. त्यांनी विरोध केला तर कुणाच्याही खात्यातून एक सेंटही जाणार नव्हता. बाजूने मत दिले, तर जमा झालेला सगळा पैसा २०२०च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर जो कोणी उभा राहील त्याला मिळणार होता. हा ‘जो कोणी’ तेव्हा अस्तित्वात नव्हता. त्याचे नाव, वय, मते, कर्तृत्व यांतले काहीही वर्गणी देणाऱ्याला ठाऊक नव्हते. अनेकांनी २० डॉलर २० सेंट अशी, निवडणुकीच्या सालाची आठवण करून देणारी रक्कम कबूल केली. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅव्हना यांची नेमणूक ५० विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. कॉलिन्स यांचे मत बाजूने पडले आणि वर्गणीचा आकडा अखेर चाळीस लाख डॉलरच्या घरात गेला. नवरदेव ठरायचा होता. वऱ्हाड मात्र वाजतगाजत निघाले होते.

या वऱ्हाडाचे पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. २०१९च्या जूनमध्ये मेनच्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती सारा गिडन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उमेदवारी जाहीर केली. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. देशभरातून त्यांच्याकडे पैशांचा पूर आला. सात कोटी डॉलरहून अधिक जमा झाले. मतदानपूर्व चाचण्यांत त्या महिनोन्महिने पुढे दिसत होत्या. मतदानाच्या दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडन यांनी मेन राज्य नऊ टक्क्यांनी जिंकले आणि गिडन मात्र साडेआठ टक्क्यांनी हरल्या. निकाल लागला तेव्हा त्यांच्या प्रचारखात्यात दीड कोटी डॉलरच्या आसपास रक्कम खर्च न होता पडून होती. मेनमध्ये जन्म न झालेल्या माणसाला तिथले लोक, तो कितीही वर्षे राहिला असला तरी, ‘बाहेरचा’ म्हणतात. गिडन ऱ्होड आयलंडच्या आणि त्यांचा पैसाही बहुतेक बाहेरचा. अरूस्टुक परगण्यातल्या कॅरिबू गावात वाढलेल्या कॉलिन्सबाईंना प्रचाराचा मुद्दा शोधायला फार लांब जावे लागले नाही.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात की सामान्य कार्यकर्त्यांचा उत्साह हे अमेरिकेच्या सेनेट निवडणुकीतले एक महागडे दिवास्वप्न आहे. मला तसे वाटत नाही. माझे म्हणणे असे, की तळागाळातल्या पाठिंब्याची खरी ताकद उमेदवार जाहीर होण्यापूर्वीच्या काळात असते, पण ती पैशात मोजायची नसते. कोणाला उभे करायचे हे ठरवताना कार्यकर्ते स्वतःच्या मनासारखा माणूस शोधतात की आपल्या राज्यातल्या, आपल्याशी न पटणाऱ्या मतदारालाही चालेल असा माणूस शोधतात, यावर सगळे अवलंबून असते. मेनच्या वर्गणीत हा प्रश्न कुणाला विचारताच आला नाही, कारण माणूसच नव्हता. होता तो राग. राग खरा होता आणि त्याला कारणही होते, पण त्याला उमेदवारी अर्ज भरता येत नाही.

पुढे जाण्याआधी थोडे नियमांचे. सेनेट म्हणजे अमेरिकेची राज्यसभा, असे आपण सोयीसाठी म्हणतो आणि काही बाबतीत ते बरोबरही आहे. सदस्यांची मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतात. फरक दोन. एक, राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाला दोनच जागा. म्हणून पन्नास राज्यांचे शंभर सेनेटर. दुसरा फरक असा, की १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून हे सेनेटर थेट जनता निवडते. त्याआधी राज्यांची विधिमंडळे निवडत असत, साधारण आपले आमदार राज्यसभेवर माणसे पाठवतात तसे. आणि आपल्या वाचकाला सर्वांत चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट म्हणजे तिकीट. तिथे पक्षश्रेष्ठी ए-बी फॉर्म देत नाहीत. पक्षाचा उमेदवार कोण हे प्रायमरी नावाच्या आधीच्या निवडणुकीत मतदारच ठरवतात. श्रेष्ठी दबाव आणतात, पैसा पुरवतात, एखाद्याला बसायला सांगतात. पण ज्याच्यामागे पुरेशा सह्या आणि पुरेसे मतदार आहेत त्याला ते अडवू शकत नाहीत. या फटीतूनच कार्यकर्ते आत शिरतात. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या इच्छुकांपैकी कोणीच पसंत नसेल, तर बाशिंगाचे नावही न काढणाऱ्या एखाद्याला ते गळ घालू लागतात. अमेरिकेत याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. सैन्यातल्या सक्तीच्या भरतीला जो शब्द, तोच इथेही. १९७९ मध्ये अध्यक्षपदासाठी टेड केनेडींना अशीच गळ घालणाऱ्या समित्यांवर निवडणूक आयोगाने बोट ठेवले, तेव्हा १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की ज्याने उमेदवारी घेतलेलीच नाही त्याच्यासाठी झटणाऱ्यांना उमेदवाराच्या समितीचे नियम लावता येत नाहीत. म्हणजे वऱ्हाड काढायला कायद्याची आडकाठी नाही.

आता ज्या उदाहरणावर माझ्या म्हणण्याचा सगळा भार आहे, त्या व्हर्जिनियाकडे वळू. २००५ सालच्या अखेरीचे व्हर्जिनिया हे डेमोक्रॅटिक पक्षासाठी अर्धे बंद दार होते. १९६४ नंतर अध्यक्षपदाच्या एकाही निवडणुकीत त्या राज्याने या पक्षाला कौल दिला नव्हता. २००४ मध्ये बुश तिथे आठ टक्क्यांनी जिंकले होते. पुढच्या वर्षी सेनेटची जागा लढवायची होती ती रिपब्लिकन सेनेटर जॉर्ज ॲलन यांच्याविरुद्ध. माजी गव्हर्नर, फुटबॉलच्या एका नामांकित प्रशिक्षकाचा मुलगा, काउबॉय बूट घालून फिरणारा हसरा माणूस. २००८ मध्ये ते अध्यक्षपदाला उभे राहणार अशी चर्चा होती, त्यामुळे सेनेटची ही निवडणूक त्यांच्या दृष्टीने वाटेतला एक थांबा होता. डेमोक्रॅटिक पक्षाकडे त्यांना टक्कर देऊ शकेल असा एकच लोकप्रिय माणूस होता, मावळते गव्हर्नर मार्क वॉर्नर. आणि त्यांनी आधीच नकार कळवला होता. उरले हॅरिस मिलर. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे माजी अध्यक्ष, पक्षाचे जुने कार्यकर्ते, खिशात स्वतःचा पैसा असलेले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तयार उमेदवार.

तेव्हा राज्यातल्या काही कार्यकर्त्यांनी इंटरनेटवरून एक मोहीम सुरू केली. ‘जेम्स वेब यांना उभे करा’ एवढेच तिचे म्हणणे. आता हे जेम्स वेब कोण? व्हिएतनाममध्ये लढलेले मरीन अधिकारी, शौर्यासाठी नेव्ही क्रॉस मिळालेले, युद्धावरच्या कादंबऱ्यांचे लेखक. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्या सरकारात ते नौदलमंत्री होते आणि जहाजांची संख्या कमी करायला नकार देऊन १९८८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. एवढेच असते तर एक वेळ चालले असते. पण २००० साली याच जॉर्ज ॲलन यांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला होता. १९७९ मध्ये स्त्रियांनी रणांगणावर लढू नये असे सांगणारा लेख लिहून ठेवला होता, ज्याची नौदलातल्या कितीतरी स्त्रियांना झळ बसली. निवडणूक तर आयुष्यात कधी लढवलेली नव्हती. लोकांशी हात मिळवत फिरण्याची त्यांना आवड नाही हे पाहणाऱ्याला लगेच कळे. मोहीम चालवणारे बहुतेक जण युद्धविरोधी, उदारमतवादी. त्यांच्या घरच्या बैठकीत वेब बसले असते तर अर्ध्या विषयांवर खटके उडाले असते. एकाच गोष्टीवर एकमत होते, आणि त्या वर्षी ती सर्वांत मोठी होती. २००२च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे इराक युद्ध सुरू होण्याच्या सहा महिने आधी, वेब यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहून विचारले होते की पुढची कित्येक वर्षे इराकमध्ये तळ ठोकून राहण्याची आपली तयारी आहे का.

या निवडीतले शहाणपण समजायला व्हर्जिनियाचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. उत्तरेला वॉशिंग्टन शहराला चिकटलेली फेअरफॅक्स, आर्लिंग्टनसारखी उपनगरे. तिथे सरकारी नोकर, संगणक कंपन्या, स्थलांतरित. आर्लिंग्टनमध्येच पेंटागॉन. त्याच्या थोडे खाली क्वांटिको, मरीन दलाचा तळ. आग्नेयेला नॉरफोक, जगातला सर्वांत मोठा नाविक तळ. नैर्ऋत्येला ॲपलेशियन डोंगर, कोळशाच्या खाणी आणि स्कॉटलंड-आयर्लंडहून पिढ्यांपूर्वी आलेल्यांची गरीब, स्वाभिमानी वस्ती. वेब यांनी याच लोकांचा इतिहास सांगणारे पुस्तक २००४ मध्ये लिहिले होते. उपनगरातला युद्धविरोधी मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारच होता. प्रश्न होता तो नॉरफोकमधल्या निवृत्त नौसैनिकाचा आणि खाणीतल्या कामगाराचा. युद्धाला विरोध करणारा माणूस त्यांना भेकड वाटणार नाही अशी काही सोय होती का? छातीवर नेव्ही क्रॉस आणि पायांत इराकच्या युद्धावर निघालेल्या मुलाचे लष्करी बूट, ही ती सोय होती. प्रचारभर वेब यांनी ते बूट काढले नाहीत. लष्करी रंगाची एक जीप घेऊन ते फिरत आणि ती चालवत असे व्हिएतनाममधला त्यांचा जुना रेडिओ ऑपरेटर, ज्याने युद्धात एक हात गमावला होता. हे सगळे प्रचारतज्ज्ञाने सुचवलेले नाटक असते तर चार दिवसांत उघडे पडले असते.

वेब यांनी २००६च्या फेब्रुवारीत होकार दिला. आणि इथे गळ घालणाऱ्यांची परीक्षा सुरू झाली, कारण व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार राज्यव्यापी उमेदवारीसाठी १० हजार मतदारांच्या सह्या लागत, त्यातही अकरा मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. ही अट फार मार्मिक आहे. उत्तरेतल्या एका मॉलपुढे उभे राहून १० हजार सह्या दोन शनिवार-रविवारांत मिळाल्या असत्या. पण खाणींच्या मुलखातल्या ४०० सह्यांसाठी तिथे ओळखीची माणसे लागतात. घरी बसून वीस डॉलर पाठवणाऱ्याला हे काम करता येत नाही. पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या अमेरिकेत असतात, पण वेब यांच्याकडे पैसाच नव्हता. स्वयंसेवकांनी ते काम केले. या जमावाला पुढे ‘फाटकी फौज’ असे लाडाचे नाव पडले. मिलर यांनी स्वतःच्या खिशातला पैसा ओतून प्रचारखर्चात वेब यांना मागे टाकले. १३ जून २००६ च्या प्रायमरीत चार टक्केसुद्धा मतदार बाहेर पडले नाहीत. अशा थंड निवडणुकीत ज्याचे दहा-वीस हजार लोक खरोखर घराबाहेर पडतात तो जिंकतो. वेब यांना सुमारे ८३ हजार मते मिळाली, मिलर यांना ७२ हजार.

मराठी वाचकाने या प्रायमरीकडे जरा वेगळ्या कारणानेही पाहायला हवे. मिलर यांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात एच-१बी व्हिसांची मर्यादा वाढवण्यासाठी जोरदार प्रयत्न केले होते. ती ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर आणि नंतर काही वर्षांपुरती १ लाख ९५ हजारांवर गेली. पुण्या-मुंबईतले कितीतरी संगणक अभियंते ज्या उघड्या दाराने अमेरिकेत शिरले, ते दार उघडायला लावणाऱ्यांत हे गृहस्थ होते. वेब यांच्या प्रचाराने नेमक्या याच गोष्टीवर हल्ला चढवला आणि नोकऱ्या परदेशात धाडणाऱ्यांचा सैतान अशा शब्दांत त्यांना रंगवले. एका प्रचारपत्रकातले मिलर यांचे व्यंगचित्र इतके आक्षेपार्ह होते की ज्यूंची टर उडवल्याचा आरोप झाला. मिलर ज्यू आहेत. तळागाळातली चळवळ म्हटली की ती निर्मळच असणार, अशी भाबडी समजूत कुणाची असेल तर ती इथे सोडून द्यावी. ज्या जमिनीत पाय रोवायचे त्या जमिनीतला चिखलही पायांना लागतो.

नोव्हेंबरमध्ये काय झाले ते प्रसिद्ध आहे. २३ लाखांहून अधिक मतांत वेब ९,३२९ मतांनी जिंकले. सेनेटमध्ये बहुमतासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला सहा जागा हिसकावून घ्यायच्या होत्या. व्हर्जिनिया ही शेवटची, सहावी. दोन दिवसांनी ॲलन यांनी पराभव मान्य केला आणि एका राज्यातल्या मूठभर मंडळींनी घातलेल्या गळीमुळे सेनेटचा ताबा बदलला.

मूठभर मंडळींमुळे? इथे जाणकार वाचक हात वर करील. ॲलन हरले ते त्यांच्या जिभेमुळे, असे सगळे जग म्हणते. ११ ऑगस्ट २००६ रोजी राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला एका सभेत त्यांनी समोर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका सावळ्या तरुणाकडे बोट दाखवून त्याला दोनदा ‘मकाका’ म्हटले. हे माकडांच्या एका जातीचे नाव. शिवाय अमेरिकेत तुझे स्वागत असो, असेही सुनावले. तो तरुण, एस. आर. सिद्धार्थ, भारतीय वंशाचा होता आणि जन्माने व्हर्जिनियाचाच, म्हणजे कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ॲलन यांच्यापेक्षा पक्का व्हर्जिनियन. ती चित्रफीत यूट्यूबवर गेली, जे सुरू होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते, आणि ॲलन यांचे दोन आकडी मताधिक्य वितळू लागले. मग श्रेय कोणाचे, मोहिमेचे की नशिबाचे? नऊ हजारांच्या फरकात नशिबाचा वाटा होताच; तो नाकारणे खोटेपणाचे होईल. पण नशीबही मैदानात कुणी उभे असेल तरच कामी येते. तोच अपशब्द ॲलन यांनी कमकुवत प्रतिस्पर्ध्यासमोर वापरला असता, तर चार दिवस हेडलाइन होऊन विरून गेला असता. आणि तो कॅमेरा हातात घेऊन राज्याच्या टोकापर्यंत ॲलन यांच्या मागे गेलेला मुलगा कोण होता? वेब यांच्या प्रचारातला वीस वर्षांचा स्वयंसेवक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रायमरीपूर्वीच सेनेटमधले पक्षनेते हॅरी रीड आणि सेनेट निवडणुकांचे सूत्रधार चक शूमर यांनी वेब यांना पाठिंबा जाहीर केला होता. मग ही चळवळ खालून आली असे कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की क्रम पाहा. मोहीम २००५च्या अखेरीची, नेत्यांचा पाठिंबा २००६च्या उन्हाळ्याच्या तोंडावरचा. श्रेष्ठी नेहमी जिंकू शकणाऱ्या माणसाच्या शोधात असतात, पण कोण जिंकू शकतो हे त्यांना वॉशिंग्टनमधून दिसत नाही. त्यांना दिसतो खात्यातला पैसा आणि चाचणीतला आकडा, आणि निवडणूक न लढवलेल्या माणसाकडे या दोन्हींतले काही नसते. कार्यकर्त्यांनी दाखवून दिले की या माणसामागे सह्या करणारे, रस्त्यावर उतरणारे लोक आहेत. श्रेष्ठींनी ते ओळखले, हा त्यांचा शहाणपणा. त्याच वर्षी मोंटाना राज्यात पक्षाच्या वरच्या वर्तुळाची पसंती राज्याचे लेखापरीक्षक जॉन मॉरिसन यांना होती. प्रायमरीत मतदारांनी निवडले जॉन टेस्टर यांना. कॉलेजात शिकलेला पण शेतावर राहणारा, लहानपणी मांस दळण्याच्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटे गमावलेला शेतकरी. तोही सुमारे साडेतीन हजार मतांनी निवडून आला. सहापैकी दोन जागा.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत खरा आहे. खालचे कार्यकर्ते अनेकदा भलत्याच माणसाला डोक्यावर घेतात. २०१० मध्ये डेलावेअर राज्यात रिपब्लिकन पक्षाकडे माइक कॅसल होते. माजी गव्हर्नर, मवाळ, हमखास जिंकणारे. टी पार्टी या पक्षातल्या कडव्या उजव्या चळवळीच्या कार्यकर्त्यांना ते पुरेसे कडवे वाटेनात. त्यांनी प्रायमरीत क्रिस्टीन ओडॉनेल यांना जिंकून दिले आणि त्या नोव्हेंबरमध्ये सोळा-सतरा टक्क्यांनी हरल्या. २०१२ मध्ये इंडियानात सहा वेळा निवडून आलेल्या रिचर्ड लुगर यांना पाडून रिचर्ड मर्डॉक यांना आणले, आणि रिपब्लिकनांच्या हातातली जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओंजळीत टाकली. दोष एका पक्षाचा आहे असे नाही. वेब यांच्याच वर्षी कनेटिकटमध्ये युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी इराक युद्धाचे समर्थक डेमोक्रॅटिक सेनेटर जो लीबरमन यांच्याविरुद्ध नेड लमॉण्ट या उद्योजकाला उभे केले. ८ ऑगस्टची प्रायमरी लमॉण्ट यांनी जिंकली. लीबरमन अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये दहा टक्क्यांनी निवडून आले. तोच पक्ष, तेच वर्ष, तोच युद्धाचा मुद्दा, तीच इंटरनेटवरून जमलेली मंडळी. मग व्हर्जिनियात यश आणि कनेटिकटमध्ये अपयश का? लमॉण्ट हे त्यांच्या कार्यकर्त्यांसारखेच होते. पक्षाबाहेरच्या मतदारासाठी त्यांच्याकडे वेगळे काही नव्हते आणि त्याला लीबरमन अपक्ष म्हणून चालत होते. वेब हे त्यांच्या कार्यकर्त्यांसारखे बिलकुल नव्हते. ज्या उमेदवारासाठी झटणाऱ्यांना त्याची निम्मी मते गिळावी लागतात, तो उमेदवार बहुधा त्यांनी दुसऱ्यांचा विचार करून निवडलेला असतो. माझ्या लेखी तळागाळातल्या मोहिमेची हीच कसोटी.

या कसोटीवर अलीकडची वर्षे घासून पाहिली तर चित्र फारसे सुखाचे नाही. २००४ मध्ये ॲक्टब्लू नावाची व्यवस्था सुरू झाल्यापासून डेमोक्रॅटिक उमेदवाराला फोनवरून दहा डॉलर पाठवणे हे चहा मागवण्याइतके सोपे झाले. त्यामुळे देणगीदार लाखोंनी वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण देणाऱ्याचे गाव आणि निवडणुकीचे गाव यांचा संबंध तुटला. २०२० मध्ये केंटकीत सेनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्रा यांच्याकडे नऊ कोटी डॉलरच्या आसपास पैसा आला. त्या वीस टक्क्यांच्या आसपास मतांनी हरल्या. दक्षिण कॅरोलायनात रिपब्लिकन सेनेटर लिंडसे ग्रॅहम यांच्याविरुद्ध जेमी हॅरिसन यांनी एका तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर जमवून विक्रम केला. दहा टक्क्यांनी हरले. हा पैसा बव्हंशी मकॉनेल आणि ग्रॅहम यांच्यावरच्या रागाचा होता. मॅकग्रा किंवा हॅरिसन त्या राज्यात कुणाला पटतील याचा हिशेब न्यूयॉर्कच्या देणगीदाराने कशाला करावा? पैशाने जाहिराती मिळतात. व्हर्जिनियातल्या ४०० सह्यांसारखे काही त्यातून मिळत नाही. स्वतःचा पैसा असला तरी तेच. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पदरचे लाखो डॉलर ओतले आणि तिसरे आले.

याच्या उलट २०२४ मध्ये नेब्रास्कात घडले. डॅन ऑस्बर्न हे पाइपजोडणीचे काम करणारे कामगार. २०२१ मध्ये ओमाहा इथल्या केलॉग्जच्या कारखान्यातल्या संपाचे नेते. रेल्वे कामगारांमधल्या मंडळींनी त्यांना गळ घातली. ते अपक्ष उभे राहिले, डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नाही. ट्रम्प यांनी जे राज्य वीस टक्क्यांनी जिंकले, तिथे ऑस्बर्न सेनेटर डेब फिशर यांच्याकडून सात टक्क्यांहूनही कमी फरकाने हरले. हरलेच, माझ्या युक्तिवादाला सोयीचे म्हणून मी त्याला विजय म्हणणार नाही. पण वीस आणि सात यांच्यातले तेरा टक्के कुठून आले, याचे उत्तर देणग्यांच्या यादीत सापडत नाही. ज्यांनी त्यांना शोधले ती माणसे त्यांच्यासारखीच कामगार होती.

राहिला शेवटचा प्रश्न: गळ घालून आणलेला माणूस गळ घालणाऱ्यांचे ऐकतो का? वेब यांनी फारसे ऐकले नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या उच्चशिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा यासाठी त्यांनी पहिल्या दिवसापासून जिवाचे रान केले आणि २००८ मध्ये तो कायदा करून घेतला. बाकी अनेक बाबतीत ते पक्षाच्या ओळीत नीट बसले नाहीत. पुन्हा मते मागत फिरायची इच्छा त्यांना तेव्हाही नव्हती; एकच मुदत करून त्यांनी सेनेट सोडली. फौजेतल्या काहींना ते लागले, पण आपण कुणाला बोलावले होते हे त्यांना आधीपासून माहीत असायला हवे होते. २०१२ मध्ये त्याच जागेसाठी जॉर्ज ॲलन पुन्हा उतरले आणि टिम केन यांच्याकडून सहा टक्क्यांनी हरले. २००६ पासून २०२४ पर्यंत व्हर्जिनियातली सेनेटची एकही निवडणूक रिपब्लिकन पक्षाला जिंकता आलेली नाही.